तज्ज्ञोपचार व रुग्णसाहाय्य, महाराष्ट्रातील

तज्ज्ञोपचार व रुग्णसाहाय्य, महाराष्ट्रातील : सर्वसाधारण वैद्याच्या कक्षेबाहेर गेलेल्या व्याधीसाठी त्या शाखेतील अधिकारी वैद्याचा शोध, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आणि उपचारकाळात रुग्ण व त्याचे कुटुंबीय यांना लागणारे आर्थिक, निवासी व मानसिक साहाय्य या तिहींचा समावेश या विषयात होतो. वैद्यकग्रंथांत यांपैकी पहिल्या अंगाचाच विचार विस्ताराने केलेला आढळतो. परंतु परळच्या रुग्णालयांच्या फाटकापाशी कापडी पिशवीत क्ष-किरण चित्रे घेऊन उभ्या असलेल्या परगावच्या माणसाची अडचण बहुधा उरलेल्या दोन अंगांची असते. त्याला तालुक्याहून येथवर कोणी व कशाच्या आधारे पाठविले, आणि आत गेल्यावर त्याची विचारपूस कोण करणार, यांवर उपचाराचे यश औषधाइतकेच अवलंबून राहते.

इतिहास : मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकातील तज्ज्ञसेवेचा पाया १८४५ मध्ये भायखळ्यास सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय व त्याला जोडलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा घातला गेला. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ चे. केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी काढलेले आणि स्त्री-वैद्यांच्या हाती सोपविलेले मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ चे. परळच्या केईएम रुग्णालयाची (१९२६) हकीकत थोडी निराळी आहे. ज्या देणगीतून त्याला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तिला अशी अट होती की तेथील अध्यापकांच्या जागा सरकारी नोकरीत नसलेल्या पात्र हिंदी वैद्यांनाच द्याव्यात. त्यामुळे तज्ज्ञपणाची जी गादी तोवर गोऱ्या सरकारी वैद्याकडे राखीव असल्यासारखी होती, तीवर एतद्देशीयांचा हक्क प्रस्थापित झाला. बालकांसाठीचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ मध्ये, तर कर्करोगासाठीचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. हे दुसरे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जेच्या अखत्यारीत का, असा प्रश्न नवख्यास पडतो, त्याचे उत्तर किरणोपचारात आहे.

या संस्थांची एक विशेष रीत येथे नोंदविण्याजोगी आहे, ती मानसेवी वैद्यांची. शहरातील नामांकित शल्यविशारद व भिषग्वर्य सकाळी सार्वजनिक रुग्णालयात नाममात्र मानधनावर रुग्ण तपासीत, विद्यार्थ्यांना शिकवीत, आणि दुपारनंतर गिरगाव वा चर्नी रोडच्या बाजूस आपल्या खासगी दवाखान्यात बसत. परिणामी गिरणी कामगारास आणि पेढीवाल्या शेटजीस एकाच हाताची शस्त्रक्रिया लाभण्याचा संभव असे. पुढे पूर्णवेळ पगारी अध्यापकांची व्यवस्था रूढ होत गेली व ही पद्धत मागे पडली. त्या बदलाने अध्यापनास स्थैर्य आले हे खरे, तथापि सार्वजनिक व खासगी अशा दोन दुनिया एकमेकींपासून तुटल्या, ही हानीही लहान मानता येत नाही.

संदर्भसेवा : आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात जी उतरंड सुचविली, तिच्याच धर्तीवर आजची सार्वजनिक व्यवस्था रचलेली आहे. मैदानी मुलखात ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र व ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागांत अनुक्रमे ३,००० व २०,००० वस्तीस, असे प्रमाण ठरलेले आहे. त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग लोक ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात ते जिल्हा रुग्णालय, आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर शल्यविशारद, भिषक्, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ हे चौघे असावेत अशी अपेक्षा आहे. त्यांतली एखाददुसरी जागा रिकामी असल्याचा अनुभव ग्रामीण भागात सार्वत्रिक आहे, आणि भूलतज्ज्ञ नसेल तर उपस्थित शल्यविशारदही हात बांधून बसतो.

कागदोपत्री ही उतरंड सुबक दिसते, पण तिच्यातील प्रत्येक पायरी चिठ्ठीने पुढच्या पायरीशी जोडलेली असावी, ही मूळ कल्पना व्यवहारात क्षीण झालेली आहे. खालच्या वैद्याने दोन ओळी खरडून रुग्ण वर धाडावा आणि वरच्याने तपासणी आटोपल्यावर काय निदान झाले, कोणते औषध किती काळ द्यावयाचे, हे लिहून त्याला परत पाठवावा, यांतला पूर्वार्ध तेवढा घडतो; उत्तरार्ध क्वचितच घडत असल्याने रुग्ण दर महिन्यास एस.टी. ने पुन्हा वरच्याच ठिकाणी जातो आणि तेथील बाह्यरुग्ण विभागाची रांग वाढवितो. पूर्वी हा दुवा घरोब्याच्या डॉक्टरकडे असे. तो कुटुंबाच्या तीन पिढ्या ओळखी, कोणास कोणाकडे धाडावे याचा त्याचा अंदाज पक्का असे, आणि मोठ्या डॉक्टरने सांगितलेले इंग्रजीतील निदान तो घरी येऊन मराठीत समजावी. खेड्यांतून हे काम आजही बहुशः आयुर्वेद वा होमिओपॅथीचा पदवीधर करीत असतो. शहरांत मात्र हा वर्ग विरळ होत चालला असून त्याच्या रिकाम्या जागी प्रयोगशाळांचे व रुग्णालयांचे दलाल शिरले, हे या विषयातील सर्वांत अनिष्ट स्थित्यंतर म्हणावे लागेल. रुग्ण धाडल्याबद्दल वैद्याने वाटा घेणे, ज्याला बोलीत ‘कट’ म्हणतात, ते २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरविलेले आहे; महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र विधेयकाचा मसुदाही तयार करविला होता.

व्याधी व शाखा : कोणत्या तक्रारीस कोणता तज्ज्ञ, याविषयीचा समज पुष्कळदा दुखऱ्या अवयवावरून बनतो आणि तेथेच चूक होते. सांधे दुखतात म्हणून रुग्ण अस्थिशल्यविशारदाकडे जातो. गुडघ्याची झीज असेल तर ते योग्यच, पण सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडतात, दोन्ही मनगटे सुजतात, थकवा राहतो, असे असेल तर तो आमवाताचा संभव होय आणि त्याचे उपचार संधिवाततज्ज्ञाकडे अथवा निदान अनुभवी भिषकाकडे होतात. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाल्यास सांध्यांची विकृती बरीच टळते, त्यामुळे दार चुकण्याची किंमत येथे मोठी असते. मधुमेहाचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यासाठी अतिविशेष तज्ज्ञ शोधीत मुंबई-पुण्यास धावण्याची गरज बहुतेकांस नसते. गावचा चांगला डॉक्टर तो सांभाळू शकतो, मात्र वर्षातून एकदा नेत्रपटलाची तपासणी, मूत्रातील प्रथिनांची तपासणी आणि तळपायांची संवेदना पाहणे, ही कामे तो स्वतः करतो वा करवून घेतो की नाही, हे रुग्णाने विचारावे. उच्च रक्तदाबासही हेच लागू आहे. फेफरे, वारंवार येणारी चक्कर, हातांचा कंप यांकरिता मज्जासंस्थेचा तज्ज्ञ लागतो. लहान मुलांतील जन्मजात हृद्दोष, दुभंगलेला ओठ, तिरळेपणा यांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांतून तपासणी करतात, आणि त्यांच्या नोंदीवरून झालेली पाठवणी खासगी धावपळीपेक्षा पुष्कळदा सोयीची ठरते.

कर्करोगाची शंका असलेल्या रुग्णाने टाटा स्मारकासारख्या संस्थेत जाताना गाठीच्या तपासणीचा केवळ अहवाल नेऊन भागत नाही. ज्या मेणाच्या ठोकळ्यांवरून व काचपट्ट्यांवरून तो अहवाल लिहिला गेला, तेही मूळ प्रयोगशाळेतून मागून घ्यावे लागतात, कारण तेथील विकृतितज्ज्ञ ते पुन्हा स्वतः पाहतात. हे ठाऊक नसल्याने परगावचे रुग्ण एक खेप फुकट घालवितात.

पात्रतेची पारख : तज्ज्ञाच्या पाटीवरील अक्षरांची गर्दी पाहून गांगरून जाण्याचे कारण नाही. एम.डी., एम.एस. व राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. या पदव्युत्तर पदव्या, डी.एम. व एम.सीएच. या त्यांच्यावरच्या अतिविशेष पदव्या. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या पदविकाधारकांनी महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांतून प्रसूती व बालरोगांची सेवा पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. परदेशी परिषदांची सदस्यत्वे ही पदव्यांच्या मालिकेत गुंफलेली असली तरी ती शिक्षणाची खूण असतातच असे नाही. प्रत्येक ॲलोपॅथिक वैद्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असावी लागते व तो नोंदणी क्रमांक औषधांच्या चिठ्ठीवर छापणे बंधनकारक आहे. उपर्युक्त आचारसंहितेनुसार आंतररुग्णाचे दफ्तर उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन करावे लागते आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ते ७२ तासांच्या आत द्यावे लागते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे असेल तर हा अधिकार उपयोगी पडतो. तो बजावताना संकोच बाळगण्याची जी प्रथा आपल्याकडे आहे, ती वैद्याविषयीच्या आदरातून आली असली तरी रुग्णाच्या हिताची नाही.

खर्चाची तजवीज : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार विनाशुल्क झाले; मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची व महानगरपालिकांची रुग्णालये या हुकुमात येत नाहीत, हा भेद केसपेपरच्या खिडकीपाशी कळतो. शस्त्रक्रिया व मोठ्या उपचारांसाठी २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. प्रारंभी पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपये आणि मूत्रपिंडारोपणासाठी अडीच लाख अशी मर्यादा होती, ती पुढे वाढली. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. दाखल होण्यापूर्वीच त्याची गाठ घ्यावी, कारण पूर्वमंजुरीविना झालेला खर्च परत मिळणे दुरापास्त होते. योजनेची एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाची आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा यांची दरमहाची गोळ्या-औषधे, ज्यांनी सामान्य घराचा हिशेब खरोखर विस्कटतो, ती तिच्या बाहेर राहतात आणि त्यांच्यासाठी शासकीय असंसर्गजन्य रोग चिकित्सालयांचा वा जनौषधी दुकानांचा आश्रय घ्यावा लागतो.

सर्वांत कमी वापरली जाणारी सवलत धर्मादाय रुग्णालयांतील होय. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तातडीच्या प्रसंगी निर्धन रुग्णाकडून अनामत न घेता त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करण्याचेही बंधन आहे. पुराव्यादाखल तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका चालते. संगमरवरी प्रवेशद्वार पाहून हे रुग्णालय धर्मादाय असेल अशी कल्पना कोणास येत नाही. खात्री धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून करता येते, आणि नकार मिळाल्यास तक्रारही तेथेच नोंदविता येते.

साहाय्य : या सर्व दाखल्यांची व अर्जांची वाट दाखविणारा अधिकारी प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात असतो. वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक हे त्याचे पद. भारतात असा पहिला समाजसेवक १९४६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयातच नेमला गेला, व त्यामागे १९३६ मध्ये मुंबईत निघालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य शिक्षणसंस्थेची प्रेरणा होती. कोणत्या विश्वस्त निधीकडे कोणत्या व्याधीसाठी अर्ज करावा, मुख्यमंत्री साहाय्यता निधीस कोणते अंदाजपत्रक जोडावे, परगावच्या नातेवाइकांनी कोठे उतरावे, ही माहिती त्याच्या दफ्तरी असते; पण त्याचे दालन इमारतीच्या एखाद्या आडबाजूस असल्याने पुष्कळ रुग्ण तेथवर पोहोचतच नाहीत. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या रांगेत उभे राहण्याआधी कुटुंबातील एकाने त्या दालनाकडे वळावे, हा सल्ला अनुभवान्ती शहाणपणाचा ठरतो.

निवासाची अडचण मुंबईत विशेष तीव्र आहे. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी कर्करोगाच्या रुग्णांना दीर्घकाळ आधार दिला आहे. तरीही टाटा स्मारकाबाहेरच्या पदपथावर पथारी पसरलेली कुटुंबे दिसतातच. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून रोगनिदान, अर्थसाहाय्य व पुनर्वसन यांचे काम करते. व्यसनमुक्तीसाठी पुण्यात अनिल व अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापिलेले मुक्तांगण, कंपवाताच्या रुग्णांसाठी तेथीलच पार्किन्सन्स मित्रमंडळ, आणि स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबीयांना एकत्र आणणारी जगन्नाथ वाणी यांनी स्थापिलेली संस्था, यांनी ‘स्वमदत गट’ ही पद्धत मराठी मध्यमवर्गात रुजविली. वैद्याला पंधरा मिनिटांत सांगता येत नाही ते, म्हणजे सदऱ्याची बटणे लावताना हात थरथरत असल्यास काय करावे, किंवा औषध घेण्यास नकार देणाऱ्या मुलाशी कसे बोलावे, तेथे समदुःखी माणसे एकमेकांस सांगतात. मानसिक क्लेशासाठी २०२२ पासून टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची विनाशुल्क दूरध्वनिसेवा अहोरात्र उपलब्ध असून तीवर मराठीतून बोलता येते.

प्रादेशिक वाटा : रुग्ण जिल्ह्याच्या सीमा पाहून प्रवास करीत नाहीत, ते आगगाडी व रस्ता पाहून करतात. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस काढलेल्या रुग्णालयामुळे आणि तेथील रेल्वेच्या जंक्शनामुळे ते गाव दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक यांचे वैद्यकीय केंद्र बनले. विदर्भातील रुग्ण नागपूरकडे वा १९६९ मध्ये सेवाग्रामास निघालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेकडे वळतात. सिंधुदुर्गातील रुग्णास मुंबई दूर आणि गोव्यातील बांबोळी जवळ. १८४२ च्या पणजीच्या वैद्यकीय-शल्यकीय शाळेची परंपरा सांगणाऱ्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सावंतवाडी-दोडामार्गकडील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. २०१८ च्या प्रारंभी गोवा शासनाने परराज्यांतील रुग्णांना शुल्क लागू केले, तेव्हा सिंधुदुर्गात त्याविरुद्ध आंदोलन झाले व हा प्रश्न दोन्ही शासनांपुढे गेला.