बेत आणि बेतणे : घरातल्या शिवणयंत्राची जागा

मराठीत ‘बेत’ म्हणजे योजना आणि ‘बेतणे’ म्हणजे मापाप्रमाणे कापड कापणे. ‘बेताचे’ म्हणजे जेमतेम, आटोक्यातले. संकल्प, कात्री आणि काटकसर भाषेत अशी शेजारी नांदतात, आणि शिवणाऱ्या बाईच्या व्यवहारातही ती वेगळी काढता येत नाहीत. कापड किती आहे, त्यातून काय काय निघेल, कोणत्या सणापर्यंत ते पुरे व्हायला हवे, हे मनात पक्के झाल्याशिवाय कात्री चालवायची नसते. शिवणाचा इतिहास लिहिताना मात्र आपण यंत्राचा किंवा फार तर व्यापाराचा इतिहास लिहितो. ते यंत्र घरात नेमके कोठे ठेवले गेले, त्याच्याभोवती कोणती व्यवस्था उभी राहिली आणि त्या व्यवस्थेतून कोणाचे कोणते बेत तडीस गेले, हे प्रश्न बाजूलाच राहतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रापुरते ते विचारून पाहायचे आहेत.

यंत्रापूर्वी आपल्याकडे शिवण दोन ठिकाणी विभागलेली होती. बेतून, मापाने कपडे शिवणे हा शिंपी समाजाचा परंपरागत व्यवसाय, आणि तो बहुतांशी पुरुषांच्या हाती. संत नामदेव (१२७०–१३५०) याच समाजातले. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांत मन, जीभ आणि हरिनाम यांना गज, कात्री, सुई, दोरा अशी व्यवसायातलीच रूपे मिळालेली दिसतात. घरातली शिवण याहून वेगळी. जुनी लुगडी-धोतरे थरावर थर घालून धावदोऱ्याने केलेली गोधडी, बाळाची झबली-कुंची, खणाची चोळी, आणि उसवले-फाटले की लावायचे ठिगळ. या कामाला स्वतंत्र जागा नव्हती आणि ठरलेली वेळही नव्हती. स्वयंपाक आटोपल्यावर, दिवस मावळण्याआधी, उजेड असेल तेथे बसून ते व्हायचे. सामान एका बोचक्यात मावे. अंगावरची मुख्य वस्त्रे, म्हणजे लुगडे, धोतर आणि उपरणे, न शिवलेलीच असल्यामुळे शिवणीचा पसाराही बेताचाच होता.

आयझॅक सिंगरने अमेरिकेत १८५१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधी १८४६ साली एलायस हौ याने घेतले होते. १८५६ पासून सिंगर कंपनीने हप्त्यांवर यंत्रे विकण्यास सुरुवात केली आणि एरवी सामान्य कुटुंबाला न परवडणारी वस्तू त्याच्या उंबऱ्याशी येऊन ठेपली. हाताने साडेचौदा तास घेणारा पुरुषी सदरा यंत्रावर सव्वा तासात होतो, असा त्या काळच्या अमेरिकन उत्पादकांचा दावा होता. हिंदुस्थानात सिंगरची विक्री १८७०च्या दशकापासून होऊ लागली, आणि पुढे दीर्घकाळ तिची धुरा मुंबईच्या नसरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होती. न शिवलेली वस्त्रे नेसणाऱ्या देशात शिवणयंत्र विकणे ही सोपी कामगिरी नव्हती. शाळेत जाणाऱ्या मुलांचे सदरे, कचेरीत जाणाऱ्यांचे कोट, मुलींचे परकर-पोलके आणि विसाव्या शतकात पाचवारी साडीबरोबर रुळलेले झंपर व ब्लाउज यांनी ती हळूहळू सोपी केली. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र काढले आणि मध्यमवर्गीय घरात यंत्राला आणखी एक वाट मिळाली.

यंत्रयुगाविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात शिवणयंत्राला अपवाद मानले. पत्नीला हाताने कष्टाची शिवण करताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र शोधले, अशी हकीकत त्यांनी सांगितली आहे. इतिहासाला ती मान्य होण्यासारखी नाही. सिंगरने एकाच वेळी अनेक संसार थाटले होते आणि त्याची खरी ओढ पैशाकडे होती. घर चालवण्यासाठी शिवण करणारी पत्नी ही हकीकत हौच्या चरित्राला अधिक जुळते. तरीही गांधीजींच्या अपवादामागचा विचार महत्त्वाचा आहे. गिरणीतल्या यंत्रापाशी माणसाला जावे लागते, तर हे यंत्र माणसाच्या घरी येते आणि त्याच्या हातापायांच्या गतीने चालते. प्रश्न उरतो तो एवढाच, की घरी आल्यावर ते कोणाच्या मालकीचे होते?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातून जाते. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत उघडले. केडगावच्या मुक्तिसदनात पुढे शिवण-विणकामाचे उद्योग चालले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली काढलेली संस्था १९०० साली हिंगण्याला गेली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि शिवणाचे वर्ग हे तिथल्या कामाचे एक ठळक अंग ठरले. या संस्थांत येणाऱ्या अनेकजणी विधवा होत्या, आणि त्यांच्यापुढचा पहिला सवाल पोटाचा होता. दुसऱ्या बाजूने, १८८४ साली पुण्यात निघालेल्या मुलींच्या हायस्कुलाच्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या पत्रांनी कडाडून टीका केली ती, मुलींना गृहकृत्यांना उपयोगी पडेल तेच शिकवावे, या भूमिकेतून. गंमत अशी की सुई दोन्ही पक्षांना चालणारी होती. सनातन्यांना तीत सुगृहिणी दिसे आणि सुधारकांना स्वावलंबन. इंग्रजी आणि गणितावरून वाद झडले. शिवणाच्या तासाला मात्र कोणाचा फारसा विरोध झाला नाही. या निर्वेध तासातून काही स्त्रियांच्या हाती पहिल्यांदा स्वतःची कमाई आली, आणि स्त्रीचे काम म्हणजे शिवण हे समीकरणही याच तासाने घट्ट केले. दोन्ही गोष्टी एकदमच मान्य कराव्या लागतात.

आता जागेकडे वळू. वाड्याच्या रचनेत बायकांचा वावर माजघरात आणि स्वयंपाकघरात, तर उजेड ओसरीवर. शिवणीला उजेड लागतो. सुईत दोरा ओवायलाच तो लागतो. हातमशीन उचलून नेता येई, पण लोखंडी पायांचे पायमशीन एकदा मांडले की मांडले. ते खिडकीपाशीच ठेवावे लागे. म्हणजे घरातल्या उत्तम उजेडाच्या जागेवर, दिवसाचे काही तास तरी, बाईचा हक्क मान्य करावा लागे. मुंबईच्या चाळीत हा प्रश्न अधिक बिकट. १९२०च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात पूर्ण कुटुंब, आणि त्यातच मशीन. शिवण नसेल तेव्हा त्यावर झाकण घालून मुलाने अभ्यासाला बसावे, हा सर्वमान्य तोडगा होता. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली लेखिकेसाठी स्वतंत्र खोली आणि स्वतःचे उत्पन्न यांची मागणी केली. आपल्याकडे असंख्य स्त्रियांच्या वाट्याला खोली आली नाही. आला तो मशीनचा एक खण. त्यात बॉबिनी, सुया, तेलाची कुपी, मापाची पट्टी, खडू, आणि कुणाच्या नजरेला पडू नये अशी शिलाईची नाणी.

या चिमुकल्या जागेची शिस्त पाहण्यासारखी आहे. शिवणाऱ्या बाईच्या घरी प्रत्येकीचे कापड वेगळ्या गाठोडीत, त्याला नावाची चिठ्ठी आणि मापाचे जुने पोलके बांधलेले. कापडाची कात्री वेगळी. तिने कागद कापायचा नाही हा घरातल्या पोरांना दिलेला पहिला दंडक. बटणे बिस्किटांच्या डब्यात, चिंध्या गोधडीसाठी निराळ्या. एका बैठकीत बेतायचे, दुसऱ्या बैठकीत टिपा मारायच्या. काज-बटण आणि हातशिलाई संध्याकाळी गप्पा मारता मारता. आणि मापांची वही. नाव, छाती, कंबर, बाही, उंची, तारीख, जमा-बाकी. वर्षाचे बेतही पक्के असत. जूनमध्ये शाळांचे गणवेश, मग गौरी-गणपती, मग दिवाळी, मग लग्नसराई. ठरल्या दिवशी कपडा दिला नाही तर गिऱ्हाईक तुटते, म्हणून हातातले काम पुरे झाल्याखेरीज नवे घ्यायचे नाही, हा नियम या बायकांना कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही. ‘झारापकर पद्धती’सारख्या पुस्तकांनी कापणीचे शास्त्र दिले, वेळेचे आणि जागेचे शास्त्र त्यांनी आपल्यापुरते रचले. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आत्मचरित्रे आणि पत्रव्यवहार जपले ते योग्यच, पण एका गल्लीतल्या मुली कशा वाढल्या, कोणाची बाकी थकली, कोणत्या वर्षी कामच आले नाही, हे या वह्यांत होते. त्यांतल्या बहुतेक रद्दीत गेल्या.

साहित्यात शिवण दिसते ती बहुधा देणाऱ्याच्या अंगाने. ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. तो कोट शिंप्याने शिवलेला आहे. कथेचे सारे लक्ष देणाऱ्याच्या मायेवर आहे, आणि कथेच्या दृष्टीने ते उचितच. पण साठवणे, माप आठवणीत ठेवणे, सणाच्या आत ते पुरे करणे हा जो श्यामचा बेत, तोच घरोघरच्या मशीनवर बसलेल्या बायकांचा वर्षानुवर्षांचा बेत होता. त्याची कथा क्वचितच झाली, कारण रोज घडणाऱ्या गोष्टीला आपण घटना मानत नाही.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. गरीब बाईला मदत म्हणजे शिवणयंत्र, हे समीकरण शासनव्यवहारातही रूढ झाले आहे. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून यंत्रे वाटली जातात; २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. हे स्वागतार्हच. मात्र यंत्र दिले म्हणजे खिडकी दिली असे होत नाही. पत्र्याच्या एका खोलीत उजेड नसेल, कापड पसरायला कोरडी जमीन नसेल, दोन तास सलग बसण्याची मुभा नसेल, तर यंत्र कोपऱ्यात उभे राहते आणि त्यावर अंथरुणे रचली जातात. मग ‘हिला यंत्र दिले तरी काही केले नाही’ असा शेरा मारायला आपण मोकळे. घरी बसून मोलाने काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ सालच्या कराराने सांगितले. या मान्यतेत कामाच्या जागेचा आणि वेळेचा विचार अंतर्भूत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सेवासदनात किंवा हिंगण्याला आलेल्या बाईला नुसती सुई मिळाली नव्हती; बसायला जागा, ठरलेला तास आणि शेजारी तेच शिकणाऱ्या चौघीजणी मिळाल्या होत्या. यंत्रे वाटताना या तीन गोष्टींचा बेत आधी व्हायला हवा.