सांधा आधी, डाख नंतर

आज आपण दोन जाड तारा जोडण्याबद्दल बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण घरी बॅटरीवरचा दिवा किंवा ॲम्प्लिफायर बांधणारी मंडळी नेमकी इथेच अडतात. डाख वितळतो, चकचकीत गोळा बसतो, आणि जरा ओढलं की तार मोकळी! असं का होतं, ते समजायला इतिहासात जरा मागे जाऊ.

डाखाची विद्या फार जुनी. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी नळ जोडण्याच्या मिश्रधातूचं प्रमाण देतो: दोन भाग शिसं, एक भाग कथील. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पुढे रूढ झालं ते ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. कारण साधं आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील २३२ला. हे मिश्रण मात्र दोघांच्याही आधी, १८३ला. तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणजे तांबं घनच राहतं आणि डाख त्याच्या पृष्ठभागाशी एकजीव होतो. पण कधी? पृष्ठभाग स्वच्छ आणि गरम असेल तरच.

आपल्याकडच्या कल्हईवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. तो आधी भांडं तापवतो, नवसागर टाकतो, मग कथील लावून कापसाने फिरवतो. थंड भांड्यावर वितळलेलं कथील ओतलं तर कल्हई होईल का? नाही होणार. तारेचंही तेच. नवसागर मागे राहिला तर तांबं खातो, म्हणून इथे राळ वापरायची. आणि जाड तार उष्णता लांबवर पळवून नेते, त्यामुळे २५ वॅटचा छोटा सोल्डरिंग आयर्न तिथे थकतो. डाख आयर्नच्या टोकावर वितळतो, तारेवर नाही.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. तारायंत्राच्या तारा खांबांवर ताणलेल्या. त्यांना वारा आणि स्वतःचं वजन सोसायचं. डाख तर मऊ धातू. म्हणून लाइनमन आधी दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देत आणि मग प्रत्येकीचं टोक दुसरीवर घट्ट गुंडाळत. ओढाल तितका सांधा आवळतो. यालाच पुढे वेस्टर्न युनियन स्प्लाइस म्हणू लागले. डाख त्यानंतर, पिळात गंज शिरू नये आणि वीज नीट वाहावी म्हणून. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता आजही हेच सांगते: जोड आधी डाखाशिवाय पक्का हवा.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'दिसणं' आणि 'असणं' यांतला भेद वर्षानुवर्षं शिकवला. इथे तो भेद आग लावू शकतो. कच्च्या सांध्याचा रोध ०.१ ओहम धरा, प्रवाह २० अँपिअर. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: ४० वॅट! म्हणजे तो सांधाच तुमच्या छोट्या आयर्नपेक्षा मोठा आयर्न झाला. डाख पुन्हा वितळतो, आणि केवळ डाखावर टेकलेली तार सुटते.

तेव्हा बॅटरी सोडवा, तारा घासून घ्या, पीळ द्या आणि ओढून बघा. डाखाशिवाय टिकला, तर मोठ्या आयर्नने तार तापवा आणि डाख आयर्नला नव्हे, तारेला टेकवा. तो आपोआप पिळात ओढला जाईल.