सुरतेच्या किल्ल्यात

सुरतेला गेलो तो महाराजांची सुरत बघायला. तापीकाठच्या किल्ल्याचं महापालिकेने आता संग्रहालय केलं आहे. तिकीट काढून आत शिरलो, जाड भिंतींवरून हात फिरवला आणि लक्षात आलं, अरे, आपण उलट्या बाजूला उभे आहोत! जानेवारी १६६४ मध्ये महाराज शहरात होते, किल्ल्यात नव्हे. इथे दडला होता मोगल सुभेदार इनायतखान. शहर जळत होतं आणि राखणदार दारं लावून आत! वाटाघाटीला पाठवलेल्या त्याच्या माणसाने तर महाराजांवरच खंजीर उगारला. शाळेत आपण ही लूट बाहेरूनच शिकलो.

पण मला जास्त धरून ठेवलं ते किल्ल्याच्या जन्मकथेने. १५१० साली गोवा घेतलेल्या पोर्तुगिजांनी १५१२ आणि १५३० साली सुरत जाळली. म्हणून गुजरातच्या तिसऱ्या महमूद सुलतानाने खुदावंदखानाकडून हा किल्ला बांधवून घेतला. १५४६ मध्ये तो पुरा झाला आणि त्याच वर्षी खुदावंदखान दीवच्या वेढ्यात पोर्तुगिजांशी लढताना पडला. पोर्तुगीज म्हणजे फक्त आमचंच दुखणं, असं आम्हा गोंयकारांना उगाच वाटतं.

नदीकडच्या बुरुजापाशी बराच वेळ रेंगाळलो. ती गलबतं याच पाण्यातून वर आली होती.