मार्लीचे यंत्र

आमच्या शाळेतली मुले हल्ली ‘सॅटिस्फॅक्टरी’ नावाचा संगणकावरचा खेळ खेळतात. कारखाने उभारायचे, एका इमारतीतून दुसरीत नळाने पाणी किंवा तेल न्यायचे, आणि चढ आडवा आला की नळावर पंप बसवायचा. साधा पंप वीस मीटर चढवतो, मोठा पन्नास. नळ गळत नाही, वायसर झिजत नाही. मला मात्र तो खेळ पाहताना फ्रान्समधल्या मार्लीच्या यंत्राची आठवण झाली. तिथे सारे दुखणे नेमके नळात आणि वायसरात होते.

चौदाव्या लुईने वर्सायला राजवाडा बांधला, पण नदी दूर, आणि तीही खोलात! बागेत कारंजी शेकड्यांनी, आणि पाण्याचा ठणठणाट. सेन नदीचे पाणी सुमारे १६० मीटर वर चढवायचे होते. १६८१ साली काम सुरू झाले, १६८४ साली राजासमोर यंत्र फिरले. नदीत १४ अवाढव्य चाके, पंप दोनशेहून अधिक.

एवढे पंप कशाला? पंपातल्या दट्ट्याला चामड्याचे वेष्टन असे. १६० मीटर उंचीच्या पाण्याचा भार ते चामडे सोसते ना, नळाचे सांधेही सोसते ना. म्हणून चढण तीन टप्प्यांत वाटली. नदीवरचे पंप डोंगराच्या अंगावरच्या पहिल्या हौदात पाणी टाकीत, तिथले दुसऱ्या हौदात, आणि तिथले माथ्यावरच्या बुरुजात. पुढे दगडी कमानींवरच्या पाटाने ते आपोआप वाहत जाई. पण डोंगरावरचे पंप चालावेत कशाने? वीज नव्हती, वाफेचे इंजिन नव्हते. नदीतल्या चाकांची हालचालच लांबच लांब दांड्यांच्या माळेने, मागेपुढे ओढीत, वर नेली होती. निम्मीअधिक शक्ती त्या ओढाताणीतच मुरून जात असली पाहिजे. करकर तर अशी, की शेजारचे लोक हैराण. डागडुजीला साठेक माणसे बारमाही राबत.

आणि एवढे करून सगळी कारंजी एकदम चालेनातच. राजा बागेत फिरायला निघाला की कारंजेवाले शिटी वाजवून एकमेकांना खूण करीत. स्वारी जवळ आली की पाणी सोडायचे, पुढे सरकली की बंद! राजाला हे कळत नसेल, असे मला वाटत नाही.

हे यंत्र उभारण्याचा मान मिळाला आर्नो द व्हिल या बड्या गृहस्थाला. मुक्कामाला त्याला यंत्राशेजारीच टुमदार वाडा मिळाला. प्रत्यक्ष रचना मात्र लिएजकडच्या रेनकँ स्युआलेम नावाच्या सुताराची. त्याला लिहितावाचता येत नव्हते, असे सांगतात. त्याच्या मुलखात खाणींतले पाणी उपसण्यासाठी असल्या दांड्या वापरीत. त्याची शाळा तीच. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, म्हणूनही असेल, पण या सगळ्या कहाणीत माझे लक्ष राजावर ठरत नाही, या सुतारावर ठरते.

यंत्र १८१७ साली थांबले. स्युआलेम १७०८ सालीच गेला होता. जवळच्या बूजिव्हालच्या देवळात त्याच्या थडग्यावर, मार्लीच्या यंत्राचा एकमेव संशोधक, असे कोरले गेले. कामावर त्याचा भाऊ पॉलही होता, तेव्हा ‘एकमेव’ हा शब्द तंतोतंत खरा नव्हे. पण तो भावाला उद्देशून कोरलेला नाही, हे उघड आहे.