जर्मनीत अभियंता व्हायचंय? तयारी अकरावीपासूनच हवी

ठाणे, प्रतिनिधी : बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागला, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील घराघरांत अभियांत्रिकी प्रवेशाची धांदल सुरू होते. सीईटी आणि जेईई या रुळलेल्या वाटांखेरीज आता जर्मनीचीही चौकशी होऊ लागली आहे. तेथील बहुतांश सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसल्याने मध्यमवर्गीय पालकांना या वाटेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र भारतातील बारावी ही जर्मन शालान्त परीक्षेच्या तोडीची मानली जात नाही, ही बाब अनेकांना निकालानंतरच कळते आणि एक वर्ष हातचे जाते.

तीन मार्ग
अभियांत्रिकी वा संगणकशास्त्राच्या पदवीसाठी साधारणपणे तीन मार्ग उपलब्ध आहेत. 'जेईई अॅडव्हान्स्ड' उत्तीर्ण विद्यार्थ्यांना तांत्रिक शाखांसाठी थेट अर्ज करता येतो. येथील मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण केल्यास त्या शाखेपुरता थेट प्रवेश मिळू शकतो. उरलेल्यांसाठी 'श्टुडियनकोलेग' हा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आहे. येथे बी.ई. करून एम.एस.साठी जाणाऱ्यांना तो लागू नाही.

श्टुडियनकोलेगमध्ये काय शिकवतात?
परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठीय शिक्षणासाठी सज्ज करणारा हा सामान्यतः दोन सत्रांचा अभ्यासक्रम आहे. तांत्रिक शाखांसाठी 'टी' वर्ग असतो. त्यात जर्मन, गणित व भौतिकशास्त्र आणि त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकवले जाते. आठवड्याला २८ ते ३२ तासिका असतात. प्रवेशासाठी जर्मन भाषेची आणि 'टी' वर्गाकरिता बहुधा गणिताचीही परीक्षा द्यावी लागते. अखेरीस पात्रता परीक्षा होते. तीत अनुत्तीर्ण झाल्यास सर्वसाधारणपणे एकदाच पुन्हा संधी मिळते.

खरी अडचण भाषेची
गणितात आपली मुले सहसा कमी पडत नाहीत, घोडे अडते ते भाषेपाशी. प्रवेशाच्या वेळी किमान बी-१, तर अनेक ठिकाणी बी-२ पातळीचे जर्मन अपेक्षित असते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार बी-१ गाठण्यासाठी ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. आठवड्याला दहा तासिका धरल्या, तरी किमान ३५ आठवडे झाले. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलैला किंवा त्याआधीच संपते. या दोन महिन्यांत भाषा शिकणे अशक्यच. त्यातच अकरावीला द्विलक्षी विषय घेणाऱ्यांची दुसरी भाषा सुटते. त्यामुळे जर्मनीचा विचार असणाऱ्यांनी अकरावीचे विषय निवडतानाच भाषेची सोय पाहावी.

कागदपत्रे आणि खर्च
नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी 'एपीएस' प्रमाणपत्र बंधनकारक आहे. शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करून ते दिले जाते, त्यामुळे त्यासाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवावा. वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच विशेष खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो करण्यात आली. शिक्षण 'मोफत' असल्याचा समजही सरसकट खरा नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४-२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले.

खासगी संस्था निवडताना
सरकारी श्टुडियनकोलेगमध्ये जागा मर्यादित असतात, तर खासगी संस्था मोठे शुल्क आकारतात. अशा संस्थेची अंतिम परीक्षा शासनमान्य आहे की विद्यार्थ्याला ती बाहेरून द्यावी लागेल, याची लेखी खात्री पैसे भरण्यापूर्वी करून घ्यावी. एजंटाच्या शब्दावर विसंबून न राहता 'डाड' या जर्मन शैक्षणिक संस्थेची आणि संबंधित विद्यापीठाची माहिती स्वतः तपासावी. प्रवेशाबाबत अंतिम निर्णय विद्यापीठाचाच असतो.