वडापावाचें माहेर

एखादा पदार्थ परमुलुखांत जातो, तेथील जिभेच्या सोयीनें रूप पालटतो, त्या नव्या रूपांत श्रीमंत होतो, आणि मग एके दिवशीं मोठ्या दिमाखानें आपल्या जन्मगांवीं परत येतो. गांवकरी कुतूहलानें जमतात, दोन घास खातात, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हां आपल्या नेहमींच्या दुकानीं जाऊं लागतात. गेल्या तीसपस्तीस वर्षांत ही गोष्ट जगांत निरनिराळ्या ठिकाणीं घडली आहे. तिची एक घरगुती आवृत्ति मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी आणि बोरिवली यांच्यामध्यें असलेल्या मालाड स्थानकाच्या दारांत घडली. तिचा नायक वडापाव. फरक इतकाच, कीं वडापाव परदेशीं गेला नव्हता. तो कारखान्यांत जाऊन आला होता.

प्रथम परमुलुखांतील उदाहरणें पाहणें सोयीचें होईल. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं सॅन बर्नार्डिनो नांवाचें शहर आहे. तेथें 'मिट्ला कॅफे' ही एका मेक्सिकन कुटुंबाची खाणावळ १९३७ सालीं सुरू झाली. तिच्या समोरच ग्लेन बेल नांवाच्या गृहस्थाचें लहानसें खाद्यपदार्थांचें दुकान होतें. मिट्लामधील टाको चाखून त्यानें तसाच टाको स्वतः विकावयास काढला, आणि १९६२ सालीं डाउनी येथें 'टाको बेल' या नांवाचें दुकान थाटलें. मक्याची पोळी आधींच तळून, दुमडून, कडक करून ठेवावयाची आणि गिऱ्हाईक येतांच तींत खिमा, सॅलडचीं पानें व किसलेलें चीज भरावयाचें, अशी ही युक्ति होती. अमेरिकेंत ती इतकी फळास आली, कीं दुकानांची संख्या हजारांवर गेली. १९९२ सालीं कंपनीनें प्रत्यक्ष मेक्सिको शहरांत पाय ठेवला. दोनएक वर्षांत तो मागें घ्यावा लागला. २००७ सालीं माँतेरे शहराजवळ दुसरा प्रयत्न झाला. या खेपेस आपण अमेरिकन खाद्य विकत आहोंत असा पवित्रा कंपनीनें घेतला, आणि कडक टाकोस 'टाकोस्टाडा' असें निराळें नांवहि दिलें. तरीहि २०१० पर्यंत तीं दुकानें बंद झालीं. ताज्या, मऊ पोळींत गुंडाळलेला टाको ज्यास कोपऱ्यावर रोज मिळतो, त्यानें कडक टाकोसाठीं अधिक पैसे कां मोजावे, या प्रश्नाचें उत्तर कोणासहि देतां आलें नाहीं.

इटलींतहि असेंच झालें. डॉमिनोज या अमेरिकन पिझ्झाविक्रेत्या कंपनीचीं दुकानें २०१५ सालीं मिलानपासून सुरू झालीं, आणि २०२२ सालीं तीं सर्व बंद झालीं. पिझ्झा घरपोंच देणें हें या कंपनीचें मोठें बळ. परंतु कोविडच्या सांथींत गल्लोगल्लींचे पिझ्झेवालेहि घरपोंच पिझ्झा देऊं लागले, आणि तें बळ ओसरलें. याच्या उलट एक शहाणपणाचें उदाहरण भारतांतच आहे. हिंदुस्थानांतील मसाल्याचें कालवण इंग्रजांच्या हातून 'करी' बनलें, आणि मेजी राजवटींत इंग्रजांमार्फतच जपानांत पोंचलें. तेथील 'कोको इचिबान्या' या मोठ्या कंपनीनें २०२० सालीं दिल्लीजवळ गुरुग्राम येथें दुकान उघडलें, तें आपला पदार्थ जपानी म्हणूनच पुढें करून. माहेरीं आलेल्या मुलीनें आपण आतां सासरच्या आहोंत हें मोकळेपणानें सांगावें, तसाच हा प्रकार होता.

आतां वडापावाकडे वळूं. या पदार्थाची वंशावळ पाहिली तर गंमत वाटते. बटाटा आणि मिरची हीं दोन्हीं अमेरिका खंडांतलीं. दोन्हीं पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरलीं. 'बटाटा' हा शब्दहि त्यांचाच, आणि 'पाव' हाहि त्यांचाच. बेसन, हळद, मोहरी एवढें मात्र इकडचें. ही सर्व मंडळी एका जागीं आणण्याचें श्रेय दादर स्थानकाबाहेर १९६६ सालीं गाडी लावणारे अशोक वैद्य यांस सामान्यतः दिलें जातें. त्याच भागांतील सुधाकर म्हात्रे यांचेंहि नांव कोणी घेतात. वाद कसाहि मिटो, जागा दादरची आणि काळ गिरण्यांचा, याविषयीं मतभेद नाहीं. पाळी संपवून किंवा पाळीवर निघालेल्या कामगारास उभ्याउभ्या, एका हातांत धरून, थोडक्या पैशांत पोट भरेल असें कांहीं हवें होतें. तें त्यास मिळालें.

पुढें या पदार्थास उपनगरांनीं वाढविलें. १९५० सालीं मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुप येथवर आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंड येथवर नेण्यांत आली. वस्ती उत्तरेकडे सरकत गेली, परंतु कचेऱ्या आणि गिरण्या बहुतांशीं दक्षिणेसच राहिल्या. त्यामुळें अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील माणसाचा दिवस आगगाडीनें सुरू होऊन आगगाडीनेंच संपूं लागला, आणि स्थानकाचा जिना व घर यांच्यामधली पांच मिनिटें ही त्याच्या भुकेची वेळ ठरली. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. तो फिसकटल्यावर हजारों घरांची चूल विझावयाची वेळ आली. तेव्हां काम गमावलेल्यांपैकीं अनेकांनीं वडापावाची गाडी लावली. कालपर्यंत जो खाणारा होता, तो आज विकणारा झाला. वडापावाच्या इतिहासांत या गोष्टीचें महत्त्व मोठें आहे. कारण तेव्हांपासून हा पदार्थ नुसती न्याहारी राहिला नाहीं, तर पडत्या घराचा टेकू झाला.

१९९६ सालीं मॅक्डोनाल्ड ही अमेरिकन कंपनी दिल्ली व मुंबई येथें आली. येथील भावना ओळखून तिनें गोमांस वगळलें, आणि पुढें बटाट्याची टिक्की गोल पावांत घालून विकावयास काढली. ती टिक्की चांगलीच रुजली. हें पाहून, पावांत बटाटा घालून परका जर दुकानांची माळ उभारूं शकतो तर आपल्या वड्यानें काय पाप केलें आहे, असा विचार येथील उद्योजकांच्या मनांत येणें स्वाभाविक होतें. २००१ सालीं धीरज गुप्ता यांनीं मालाड स्थानकाबाहेर दुकान काढलें; तेंच पुढें 'जम्बोकिंग' या नांवानें प्रसिद्ध झालें. २००४ सालीं व्यंकटेश अय्यर व त्यांचे सहकारी यांनीं कल्याण येथें 'गोली वडापाव' सुरू केला. दोघांचाहि हेतु स्तुत्य होता. हातमोजे घातलेले नोकर, स्वच्छ तेल, छापील दर, आणि कोणत्याहि दुकानांत तोच आकार व तीच चव, असें त्यांचें अभिवचन होतें. तें पाळण्यासाठीं वडे कारखान्यांत यंत्रावर घडवावयाचे, अर्धवट तळून गोठवावयाचे, शून्याखालीं अठरा अंशांच्या थंडींत सांठवावयाचे, आणि दुकानीं पोंचल्यावर ठराविक तपमानाच्या तेलांत ठराविक मिनिटें तळावयाचे, असा मार्ग या धंद्यांत रूढ झाला. यामुळें वडा आचाऱ्याच्या लहरीवर अवलंबून राहिला नाहीं.

या उद्योगांचा पुढील प्रवास बोधप्रद आहे. 'गोली'चा विस्तार मुख्यतः मुंबईबाहेर, महाराष्ट्रांतील इतर शहरांत आणि परप्रांतांत झाला. 'जम्बोकिंग' मुंबईंत टिकलें, वाढलें, शंभराहून अधिक दुकानांचें धनी झालें. परंतु तें वडापावाच्या बळावर नव्हे. तेथील फळ्यावर पनीर, चीज, शेजवान अशीं नांवें चढत गेलीं, आणि पुढें दुकानानें आपला परिचय 'बर्गर' या शब्दानें करून देण्यास आरंभ केला. म्हणजे ज्या पदार्थासाठीं माळ ओंवली, तो पदार्थ माळेंतला एक मणी होऊन बसला. यांत व्यापाऱ्याची चूक नाहीं. त्यानें वेळीच ओळखलें, कीं वडापाव म्हणून विकल्यास गिऱ्हाईक शेजारच्या गाडीशीं तुलना करतें, आणि बर्गर म्हणून विकल्यास मॅक्डोनाल्डशीं. पहिल्या तुलनेंत तो महाग ठरतो, दुसऱ्या तुलनेंत स्वस्त.

असें कां व्हावें? पहिलें कारण भावाचें. स्थानकाजवळचें भाडें, वीज, पगार, कर आणि नांव वापरण्याबद्दल मूळ कंपनीस द्यावयाचा वांटा हीं सर्व वड्याच्या अंगावर पडतात. गाडीवाल्याच्या घरीं मात्र बटाटे सोलणारे आणि लसूण निवडणारे हात घरचेच असतात. त्यांचा पगार कोठेंहि मांडला जात नाहीं. पण भावाहून महत्त्वाचें कारण ताजेपणाचें आहे. आलें-लसूण-मिरचीचें वाटण, हिंग-मोहरीची फोडणी, भरपूर कोथिंबीर घातलेलें सारण गाडीवर तयार असतें. बेसन किती सैल भिजवावें हें हातास ठाऊक असतें. सायंकाळीं गाडी सुटली, कीं जिन्यावरून लोंढा उतरतो आणि एक घाणा पांच मिनिटांत संपतो. वडा थंड व्हावयास सवडच मिळत नाहीं. ताजेपणा टिकविण्याचें यंत्र गाडीवाल्याजवळ नसतें. त्यास त्याची गरजहि नसते.

तिसरें कारण एकसारखेपणाचें. हा गुण परगांवीं फार मोलाचा; अनोळखी शहरांत उतरलेल्या प्रवाशास ओळखीची पाटी दिसली म्हणजे हायसें वाटतें. पण माहेरीं तोच गुण ओझें होतो. ठाण्याच्या गजाननची ओळख त्याच्या बेसनाच्या पिवळ्या चटणीनें पटते, दादरला कीर्ति महाविद्यालयाजवळच्या अशोकची चुऱ्यानें. पार्ल्यांत मिठीबाई महाविद्यालयासमोरच्या आनंदची कीर्ति निराळी, बोरिवलीच्या मंगेशची निराळी. आपल्या कोपऱ्यावरचाच वडा सर्वांत चांगला, हें प्रत्येक उपनगरवासीयाचें ठाम मत असतें. "तिखट जरा बेतानें घाला," असें म्हणतांच गाडीवाला हात आवरतो. नेहमींच्या गिऱ्हाइकास तेंहि सांगावें लागत नाहीं. अशा माणसास 'सर्वत्र एकच चव' हें अभिवचन म्हणजे लाभ नसून हानि वाटते.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. परका पदार्थ नव्या मुलुखांत हवें तें सोंग घेऊं शकतो, कारण तेथें त्याच्या मूळ रूपाची कोणास आठवण नसते. दादरच्या कामगारानें पोर्तुगालचा पाव चाखला नव्हता, म्हणून वडापाव निर्वेधपणें जन्मास आला. मालाडच्या मुलाची आजी बर्गर करीत नव्हती, म्हणून टिक्कीचा बर्गर चालला. पण माहेरीं पदार्थाची गांठ पाककृतीशीं नसते, आठवणीशीं असते. आणि ही आठवण कोणत्याहि कारखान्यांत गोठवून ठेवतां येत नाहीं.

तथापि या कथेचा शेवट चवीच्याच हातीं राहील असें नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर स्थानकांभोंवतालच्या गर्दीचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि १ नोव्हेंबर २०१७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें रेल्वे स्थानकापासून १५० मीटरांच्या आंत फेरीवाल्यांस असलेली मनाई कायम ठेवली. वाट मोकळी असावी ही मागणी न्याय्यच आहे. ज्यांच्या घरचीं माणसें त्या पुलावर गेलीं, त्यांस तिचें महत्त्व कोणी सांगावयास नको. दुसरीकडे, फेरीवाल्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०१४ सालीं झालेला आहे. त्याच वर्षीं वर्सोवा, अंधेरी व घाटकोपर यांस जोडणारी मेट्रो सुरू झाली; तिच्या स्थानकांत भाड्याच्या गाळ्यांस जागा आहे, कढईच्या गाडीस नाहीं. ज्या दीडशें मीटरांत वडापाव वाढला, त्याच दीडशें मीटरांतून गाडीवाल्यास हलविल्यावर तेथें उरणारें दुकान पाटीचें व परवान्याचें असेल. मेक्सिकोंत आणि इटलींत स्पर्धा पदार्थाची पदार्थाशीं झाली, आणि निकाल गिऱ्हाइकानें दिला. मुंबईंत तो निकाल जागेवरून लागण्याचा संभव आहे.

म्हणून गाडीवाल्यास स्थानकाजवळ पण वाटेबाहेर, पाण्याच्या नळासह, ठरलेली जागा देणें हा नगररचनेचा प्रश्न आहे. आणि तो सुटण्यासारखा आहे. तोंपर्यंत मालाडला संध्याकाळची गाडी रिकामी होते, कांहीं लोक पाटीच्या दुकानांत शिरतात, आणि बाकीचे, आज गाडी लागली आहे कीं उठविली, हें पाहत कोपऱ्याकडे वळतात.