संगणकावरील भातुकली

राजापूर तालुक्यांत जैतापूरच्या खाडीजवळ नाटे हें आमचें गांव. तेथें साठ वर्षांपूर्वीं माझ्या बहिणी भातुकली खेळत. विकत आणलेलीं पितळेचीं भांडीं चारच. बाकीचा संसार हातानें जमविलेला. करवंटीचें पातेलें, शिंपल्यांचीं ताटें, जांभ्याच्या चुऱ्याचें तिखट. ओटी कोठें संपते व माजघर कोठें लागतें हें कोळशाच्या रेघेनें ठरे, आणि रेघ न पटल्यास ती पुसून दुसरी काढीत. परवानगी विचारावी असा ह्या खेळाचा कोणी मालक नव्हता. संगणकावर हल्लीं जी भातुकली खेळतात तिला मात्र मालक आहे.

१९९१ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा पेटला. त्यांत विल राइट ह्या गृहस्थाचें घर जळालें. नगर वसविण्याचा ‘सिमसिटी’ हा त्याचा खेळ १९८९ सालींच निघाला होता. आतां जळालेला संसार एकेक वस्तु आणून उभा करतांना, माणसाला कोणती वस्तु कशासाठीं लागते, हा विचार त्याच्या मनांत घोळूं लागला. त्यांतून २००० च्या फेब्रुवारींत ‘द सिम्स’ हा खेळ बाहेर पडला. ह्यांत जिंकणें-हरणें नाहीं. पडद्यावरील बाहुल्यांना भूक लागते, त्या नोकरीस जातात, लग्नें करतात, भांडतातही. २००२ पर्यंत खपाच्या बाबतींत ह्या खेळानें संगणकावरील आधींच्या सर्व खेळांना मागें टाकलें.

मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. खेळ दुकानांत येण्यापूर्वींच, बाहुल्यांचें रूप बदलण्याचीं साधनें मॅक्सिस कंपनीनें लोकांच्या हातीं दिलीं होतीं! खेळणाऱ्यांनीं केलेल्या अशा फेरफारांस ‘मॉड’ म्हणतात. कांहीं मॉड केवळ रंगरूपाचे, तर कांहीं बाहुल्यांच्या वागणुकीचे नियमच बदलणारे. २०१४ सालीं निघालेल्या चौथ्या भागांत तर प्रथम दुडदुडणारीं मुलें नव्हतींच. तान्हें मूल एकदम शाळकरी होई. शिक्षकास हें सोयीचें, परंतु घर तें घर कसें व्हावें? २०१७ च्या जानेवारींत कंपनीनें तीं आणलीं. साड्या नि टिकल्या खेळणाऱ्यांनींही हौसेनें रचल्या. मुंबईच्या पोशाखांवर बेतलेला ‘फॅशन स्ट्रीट’ हा कंपनीचा संच २०२१ सालीं आला.

आतां घरची गोष्ट सांगतों. आमचें नाटे येथील घर वाटण्या होऊन पाडलें गेलें. तत्पूर्वीं माझ्या नातीनें जांभ्याच्या भिंतीचें एक छायाचित्र घेतलें होतें. खेळणाऱ्यांनींच तयार केलेल्या ‘सिम्स ४ स्टुडिओ’ ह्या साधनानें तिनें त्या चित्राचा भिंतीचा एक नमुना केला. चित्राची डावी कड उजवीशीं जुळेना, आणि भिंतीवर दर हाताला उभी भेग दिसे. ती घालविण्यांत तिचे तीन दिवस गेले. मग ती फाईल ‘मॉड्स’ नांवाच्या फोल्डरांत ठेवून तिनें पडवी, ओटी, माजघर असें सारें घर बांधलें.

पुढें कंपनीकडून खेळाची नवी आवृत्ति आली. अशा वेळीं मॉड आपोआप बंद होतात, कारण जुना मॉड नव्या खेळाशीं न जुळल्यास खेळ बिघडतो. नातीनें घर उघडलें तों जांभा नाहींसा, भिंती कोऱ्या! मी घाबरलों, ती नाहीं. घर तसेंच न साठवतां तिनें खेळ बंद केला, सेटिंगमध्यें मॉडना पुन्हां परवानगी दिली, आणि भिंत परत आली. खरी भिंत पडली तेव्हां असें कांहीं करतां आलें नव्हतें. मालकाच्या अंगणांतली ही भातुकली. परंतु नातीजवळ त्या फाईलीच्या दोन प्रती निराळ्या ठेवलेल्या आहेत.

गेल्या दिवाळींत माझी थोरली बहीण आली होती. तिनें चष्मा पुसून पडदा बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “अगो, माजघराचें दार उजवीकडे नव्हतें, डावीकडे होतें.” मला तें उजवीकडेच आठवतें. नातीनें आमच्या दोघांकडे पाहिलें, दार उचललें आणि आत्याआजीच्या सांगण्याप्रमाणें डावीकडे बसविलें.